सरकारी मैदानाची परवानगी, एक खिडकी आणि सोळा खड्डे : ५ पैकी साडेतीन स्टार

आधी रेटिंग सांगून टाकते, साडेतीन. मैदानाला साडेचार, खिडकीवरच्या माणसाला पूर्ण पाच, खिडकीमागच्या टेबलांना दोन, आणि ज्या कायद्यांची नावं घेऊन आम्हाला तीन आठवडे फिरवलं त्या कायद्यांना चक्क चार. हो चार. कारण शेवटी वैतागून मी ते नियम डाउनलोड करून वाचले तेव्हा लक्षात आलं की बरेचसे चार ओळींचे आहेत आणि अर्थ लागतो, घोळ होतो तो एका टेबलाला दुसऱ्या टेबलाचा नियम माहीत नसतो तिथे. गावाचं आणि ऑफिसचं नाव देत नाहीये, पुढच्या वर्षी परत तिथेच जायचंय.

तर आमचं वाचनालय. दोन दिवसांचा कार्यक्रम ठरवला, शनिवार-रविवार, पुस्तक प्रदर्शन आणि विक्री, गावाच्या जुन्या फोटोंचे बोर्ड, शनिवारी संध्याकाळी एक एकांकिका आणि रविवारी सकाळी पोरांचा कार्यक्रम. हॉल घ्यायचा तर माणसं जिना चढून वर येत नाहीत हा दरवर्षीचा अनुभव, म्हणून यंदा म्हटलं उघड्यावर करू, येताजाता लोक डोकावतील. मैदान गावात एकच, सगळे त्याला शाळेचं मैदान म्हणतात, म्हणून मी सरळ शाळेत गेले आणि हेडमास्तरांना अर्ज दिला. ते म्हणाले, ताई आमचं काही नाही हो, नगरपरिषदेत जा. नगरपरिषदेत म्हणाले शाळेची एनओसी आणा. तिथेच चार दिवस गेले.

शेवटी आमच्या कमिटीतल्या एका निवृत्त तलाठी काकांनी डोकं लावलं, सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मालमत्ता पत्रक काढलं आणि नकाशा बघितला तर मैदानाचा मोठा तुकडा नगरपरिषदेचा आणि शाळेच्या भिंतीलगतची पट्टी जिल्हा परिषदेची. म्हणजे एक गोलपोस्ट एका सरकारात आणि दुसरा दुसऱ्या सरकारात, आणि पोरं गेली कित्येक वर्षं बिनपरवाना हद्द ओलांडून खेळतायत. आम्ही मंडप दहा पावलं अलीकडे घेतला आणि शाळेचा विषयच संपवला. कोणी असा कार्यक्रम करणार असाल तर पहिला दिवस ह्यातच घालवा, जागा महसूलची का नगरपरिषदेची का पीडब्ल्यूडीची का झेडपीची हे कागदावर बघा, लोक काय म्हणतात त्यावर जाऊ नका. मालक चुकला की पुढचे सगळे शिक्के फुकट.

आता खिडकी. नगरपरिषदेची 'एक खिडकी', म्हणजे सगळ्या परवानग्यांचा अर्ज एकाच ठिकाणी, ती खरंच एक खिडकी आहे, मागे एक क्लार्क बसतात, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. फॉर्म ऑनलाइन भरायचा पण प्रिंट काढून परत तिथेच द्यायची, हे का ते विचारू नये. फॉर्ममध्ये कार्यक्रमाचा प्रकार निवडायचा, धार्मिक, राजकीय, विवाह, व्यावसायिक, इतर. मी इतर टाकलं. क्लार्क म्हणाले पुस्तकं विकणार ना, मग व्यावसायिक झालं, भाडं वेगळं लागेल. मी म्हटलं अहो दहा टक्के सूट देऊन विकतोय, धंदा कसला. तर ते म्हणाले, "ताई, सूट देऊन विकलं तरी विकलंच." बरोबर होतं त्यांचं. मग त्यांनीच सुचवलं की विक्रीच्या स्टॉलची जागा वेगळी मोजून दाखवा, तेवढीच व्यावसायिक धरू आणि बाकीची सांस्कृतिक. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नाही, समोर बसलेल्या माणसाला वाटलं म्हणून सांगितलं. पाच स्टार ते ह्यासाठी, आणि पुढच्या एका गोष्टीसाठी.

आमच्या पोरांनी बॅनरचं डिझाइन केलं होतं, छान होतं, आणि वर मधोमध चार सिंहांची राजमुद्रा. का, तर सरकारी मैदान आहे आणि भारी दिसतं. मी पण बघून पास केलं होतं, खोटं कशाला बोलू. क्लार्कनी चष्मा खाली घेतला, बॅनरच्या प्रिंटवर बोट ठेवलं आणि म्हणाले हे काढा आधी. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाचनालय असो का मंडळ, खाजगी संस्थेने ती छापायची नाही. मला पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं! गल्लीतल्या निम्म्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ती असते, त्यामुळे चालत असेल असंच वाटायचं. तिरंग्याचंही त्यांनी तिथेच सांगितलं, झेंडा लावायचा तर नीट काठीवर लावा, जुलै २०२२ पासून ध्वजसंहितेत बदल झालाय म्हणून उघड्यावर रात्रीही ठेवता येतो, पण स्टेजला झालर म्हणून किंवा टेबलावर कापड म्हणून अजिबात नाही. आमच्या डेकोरेशनवाल्याने नेमकी झालरच आणली होती. परत पाठवली.

खिडकीपर्यंत सगळं गोड. खिडकीमागे टेबलं चालू होतात, आणि एक टेबल दुसऱ्याकडे बघत नाही.

अग्निशमनचं टेबल तसं बरं. मंडपाचा आकार, बाहेर पडायचे रस्ते, वायरिंग, फायर एक्स्टिंग्विशर किती. मंडपवाला कुरकुरला की दोन दिवसाच्या मांडवाला दोन्ही बाजूंनी मोकळी वाट कशाला, कनात सगळीकडून बंद असली की छान दिसतं. मी त्याला काही बोलले नाही पण मला डबवाली आठवत होतं, हरियाणातलं, डिसेंबर १९९५, शाळेचा कार्यक्रम, सिंथेटिक मांडवाला आग लागली आणि चारशेवर माणसं गेली, त्यात पोरंच जास्त. आमच्या मांडवात रविवारी पोरंच बसणार होती. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवल्या. थर्माकोल तर तसंही चालत नाही, २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोल गेलंय, पोरांनी पुठ्ठ्याची अक्षरं कापली आणि खरं सांगू का, ती जास्त चांगली दिसली.

बॅनरचं टेबल मात्र डोकं फिरवणारं. मैदानाच्या गेटवर एक कमान आणि चौकात दोन फ्लेक्स एवढंच मागितलं होतं. तर कमानीला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट आणा म्हणाले. बांबूच्या कमानीला! आधी मी भांडले, मग गप्प बसले, कारण घाटकोपरचं होर्डिंग सगळ्यांना आठवतं. १३ मे २०२४, वादळात पेट्रोल पंपावर पडलं, १७ माणसं गेली, ४० बाय ४० फुटाची मर्यादा आणि ते उभं होतं १२० बाय १२०, आणि जागा होती रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, म्हणजे सरकारीच. तेव्हापासून जो तो टेबलवाला स्वतःची सही वाचवतोय, समजू शकते मी. पण बांबूची कमान आणि लोखंडी सांगाडा यांना एकच फॉर्म लावणं म्हणजे डोकं बाजूला ठेवून काम करणं, एवढं तर म्हणणारच. शेवटी कमान रद्द केली, गेटच्या खांबाला कापडी पट्टी बांधली. चौकातल्या फ्लेक्सना परवाना नंबर आणि मुदत खाली छापायला सांगितलं, ते छापलं, आणि गंमत बघा, अख्ख्या चौकात परवाना नंबर असलेले आमचेच दोन, बाकी वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली सगळे बिननंबरी मस्त लटकलेले. १९९५ चा विद्रूपीकरण विरोधी कायदा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, शिवाय २०१७ ला हायकोर्टाने बेकायदा होर्डिंगवरून सगळ्या पालिकांना खडसावलंय, पण तो कायदा बहुतेक फक्त विचारायला येणाऱ्यांनाच लागतो.

आता आवाज. ह्यावर थोडं जास्त लिहिते कारण सगळे इथेच अडकतात.

मैदान मिळालं म्हणजे माईक मिळाला असं नाही. माईकला पोलिसांची वेगळी लेखी परवानगी लागते, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत तसं आहे. पोलीस स्टेशनला गेले तर एक हवालदार, नाव नाही सांगत पण माणूस हुशार, म्हणाले शेजारी शाळा आहे, शंभर मीटर शांतता क्षेत्र, स्पीकर मिळणार नाही. विषय संपला असं वाटलं. घरी येऊन मावसभावाला फोन केला, तो वकील आहे, तो म्हणाला ताई, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने नियम बदललाय, शाळा, हॉस्पिटल, कोर्ट आहे म्हणून आपोआप शांतता क्षेत्र होत नाही, राज्य सरकारने तसं जाहीर करावं लागतं. मी दुसऱ्या दिवशी प्रिंट घेऊन एकदम तयारीत गेले, आज दाखवतेच म्हणून. हवालदारांनी प्रिंटकडे बघितलंही नाही, म्हणाले, "मॅडम, माहितीये मला, यादी कालच मागवलीये, आपली शाळा यादीत आहे का बघू, नसेल तर देतो." माझी सगळी हवा गेली. यादीत शाळा नव्हती. परवानगी मिळाली.

पण परवानगीबरोबर अटी येतात त्या वाचा नीट. रात्री दहाला बंद म्हणजे दहाला बंद, सकाळी सहापर्यंत. बारापर्यंतची जी सवलत असते ती वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं, गणपती नवरात्र वगैरे, आपल्या मनाने आजचा दिवस त्यातला धरता येत नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि मैदानाच्या हद्दीवर आवाज आजूबाजूच्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आमच्यासाठी ६५. आमचा साउंडवाला म्हणाला ताई ६५ मध्ये तर माझा स्पीकर चालू आहे का बंद ते पण कळणार नाही. त्याचे ते कपाटाएवढे डबे परत पाठवले, चार छोटे बॉक्स प्रेक्षकांच्या जवळ लावले, आवाज कमी पण शब्द स्पष्ट, मागच्या रांगेतल्या आजींनी स्वतःहून सांगितलं की यंदा पहिल्यांदा सगळं कळलं. शेजारच्या बिल्डिंगमधून तक्रारीचा फोन नाही. हा नियम मला मनापासून आवडला, गावातल्या सगळ्या वरातींना लावा अशी माझी नम्र विनंती आहे.

एकांकिकेचं वेगळंच. पोलिसांनी विचारलं सेन्सॉर झालंय का. मी हसले, म्हटलं सिनेमा नाही हो, वीस मिनिटांची एकांकिका आहे. पण महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेलाही प्रमाणपत्र लागतं, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ नावाची गोष्ट आहे, नाटकवाल्यांना माहीत असतं, आम्हा वाचनालयवाल्यांना नव्हतं. नशिबाने आम्ही निवडलेली संहिता आधी स्पर्धेत झालेली होती, लेखकाला फोन करून प्रमाणपत्राचा नंबर घेतला, अर्जाला जोडला. नवीन लिहून घेतली असती तर बसलो असतो. ह्या नियमाबद्दल माझं मत विचाराल तर, गावातल्या वीस मिनिटांच्या प्रयोगाला आधी वाचून घ्यायची काय गरज आहे ते मला अजून समजलेलं नाही.

मध्येच जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश निघाला, ३७ चा. व्हॉट्सअपवर फिरला आणि कमिटीत निम्म्या लोकांनी कार्यक्रम पुढे ढकला म्हणून धरलं. मी आदेशाची प्रत मागवून पूर्ण वाचली, दुसऱ्या पानावर स्पष्ट होतं की परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना लागू नाही. शिवाय पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) खालचा हा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून दर पंधरवड्याला नवीन निघतो आणि दर पंधरवड्याला लोक नव्याने घाबरतात.

आणि आता ते दोन स्टारवालं टेबल. सगळे कागद झाले, पोलीस, अग्निशमन, बॅनर, भाडं, डिपॉझिट, हमीपत्र, आणि फाइल एका टेबलावर जाऊन बसली ती बसलीच. आठ दिवस. नाही म्हणत नव्हते. हो पण म्हणत नव्हते. साहेब मीटिंगला, साहेब साइटवर, साहेब आत्ताच गेले, उद्या या, आणि मधूनच एकदा कानावर आलं की त्याच तारखेला दुसऱ्या कोणालातरी मैदान हवंय आणि ते 'वरून' आलंय. कोण, काय, माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर मी इथे बोलणार नाही.

मावसभावाने तेव्हा हिंमतलाल शहांची केस सांगितली. १९७२, सुप्रीम कोर्ट, पाच जजेसचं बेंच. अहमदाबादची गोष्ट आहे पण कायदा आपलाच, १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, गुजरात पूर्वी मुंबई राज्यातच होतं ना. रस्त्यावर सभा घ्यायला परवानगी लागेल असा नियम होता आणि ती द्यायची का नाही ते अधिकाऱ्याच्या पूर्ण मर्जीवर, कशावरून नाकारायची ह्याचं काही बंधनच नाही. कोर्टाने तो नियम उडवला. म्हणजे परवानगी घ्यायला लावणं ठीक, वेळ, जागा, रहदारी ह्यावर अटी घालणं ठीक, पण नुसती मर्जी चालणार नाही, शांततेने जमायचा हक्क घटनेच्या १९ व्या कलमात आहे आणि निर्बंध वाजवीच पाहिजेत. दिल्लीत जंतरमंतरवर आंदोलनं करू द्यायची का ह्या बाबतीत २०१८ ला सुप्रीम कोर्टाचं वळण साधारण तेच होतं, सरसकट बंदी नको, नियम करा आणि परवानगी द्या.

आता आमचं काय आंदोलन नव्हतं, पुस्तकं होती, ती केस आम्हाला जशीच्या तशी लागते का यावर मावसभाऊ स्वतःच म्हणाला की फार ताणू नकोस. म्हणून अर्जात केसचं नाव सुद्धा घातलं नाही. फक्त तीन ओळींचं पत्र, अमुक तारखेला अर्ज केला, अमुक एनओसी जोडल्या, परवानगी नाकारायची असल्यास कृपया कारण लेखी द्यावं. आवक विभागात दिलं, पोच घेतली, शिक्का आणि तारीख असलेली, आणि तिचा फोटो त्याच साहेबांच्या शिपायाला दाखवला. भांडण नाही, ओरडणं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की पत्र तयार आहे, घेऊन जा. लेखी कारण द्यायचं म्हटलं की कारण शोधावं लागतं, आणि ते बहुतेक सापडलं नाही. पत्रात सतरा अटी, त्यातल्या तीन एकमेकींशी भांडणाऱ्या, एका अटीत मंडप सहाच्या आत काढा आणि दुसरीत कार्यक्रम दहापर्यंत. पेनाने दुरुस्त करून सही घेतली तिथल्या तिथे. ते पण करून घ्या, नंतर करू म्हणू नका.

कार्यक्रम छान झाला. शनिवारी गर्दी, रविवारी त्याहून जास्त, जुन्या फोटोंच्या बोर्डासमोर लोक हलेनात, एका माणसाला बापाचा तरुणपणीचा फोटो सापडला आणि तो अर्धा तास तिथेच. जिना नाही ना, हाच फरक. रात्री नऊ पन्नासला हवालदार साहेब येऊन मागे उभे राहिले, एकांकिकेचा शेवट बघितला, टाळ्या वाजवल्या आणि मग घड्याळ दाखवलं.

तोटे सांगायचे तर मैदानावर पाण्याची सोय शून्य, टॉयलेट शाळेचं, म्हणजे परत दुसऱ्या सरकारचं, त्याची किल्ली हेडमास्तरांनी उपकार म्हणून दिली. लाइटला तात्पुरतं कनेक्शन वेळेत मिळालं, त्यावर काही बोलायचं नाही. पार्किंग नाही. ऑनलाइन पेमेंटची पावती आपोआप येत नाही, खिडकीवरून मागून घ्यावी लागते, आणि अर्जाची स्थिती बघायला दिलेलं पान शेवटपर्यंत 'प्रक्रियेत' दाखवत होतं, कार्यक्रम होऊन गेल्यावर सुद्धा, आज बघितलं तर अजूनही प्रक्रियेतच आहे.

डिपॉझिटसाठी मैदान पूर्ववत करून द्यायचं असतं. सोमवारी कनिष्ठ अभियंता आले, मंडपाच्या खांबांचे खड्डे मोजले आणि म्हणाले सोळा, सगळे भरून द्या, नाहीतर डिपॉझिटमधून कापू. आमचे खांब चौदा. ते म्हणाले समोर दिसतायत, सोळाच आहेत. निवृत्त तलाठी काकांनी शांतपणे मोबाइल काढला, मंडप उभा राहायच्या आदल्या दिवशी त्यांनी अख्ख्या मैदानाचे फोटो काढून ठेवले होते तारखेसकट, त्यात ते दोन खड्डे आधीपासून होते, आधीच्या कुठल्यातरी कार्यक्रमाचे. अभियंत्यांनी फोटो मोठा करून बघितला, वहीत सोळा खोडून चौदा केलं, आणि म्हणाले ते दोन पण भरा ना राव, माती तुमच्याकडे आहेच. भरले.